हळदीची गाणी उघडेनात

चंद्राबाईंच्या नातीची हळद तोंडावर आली होती आणि सौदामिनीबाईंचा लॅपटॉप एकच पालुपद धरून बसला होता : फाइल वाचता येत नाही.

बाईंनी चष्मा पुसून पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. मग त्याच्या वरची फाइल दाबली. भातलावणीचं गाणं खणखणीत वाजलं. मागे चिखलातून पाय उपसल्याचा आवाजसुद्धा ऐकू आला. खालची दाबली. गौरीचं गाणं, तेही वाजलं. त्याच्या खालची हळदीची. फाइल वाचता येत नाही.

"अरे, मग त्या दोन कशा वाचल्यास?" बाई लॅपटॉपला म्हणाल्या. उभा जन्म शाळेत गेल्यामुळे समोर बसलेल्याला प्रश्न विचारल्याशिवाय त्यांना राहवत नसे.

बाई राहायच्या भोरला, पण त्यांची बरीचशी नोकरी वेल्ह्याकडच्या शाळांमध्ये झाली होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक उद्योग काढला. त्या भागातली जुनी गाणी जमवायची आणि शाळेतल्या मुलांना शिकवायची. सगळ्यात जास्त गाणी होती माळेवाडीच्या चंद्राबाईंकडे. बाईंच्या गुडघ्यांना वाडीची चढण झेपेना, म्हणून त्यांनी मुठीत मावेल एवढा एक रेकॉर्डर चंद्राबाईंच्या सुनेकडे, प्रेरणाकडे देऊन ठेवला. सासूबाई गायला लागल्या की प्रेरणा तो चालू करायची आणि बाजाराच्या दिवशी त्याचं कार्ड भोरला पाठवून द्यायची. बाई कार्ड लॅपटॉपवर उतरवून घ्यायच्या आणि सवडीने ऐकायच्या. लॅपटॉपचं झाकण मिटलं तरी गाणं चालू राहावं, अशी सोय त्यांच्या नातवाने, अद्वयने करून दिली होती. त्यामुळे स्वयंपाक करताना गाणीही ऐकता यायची आणि कळफलकावर फोडणीही उडायची नाही.

हळदीची गाणी तेवढी बाईंनी कधी ऐकली नव्हती. लग्नाचं गाणं शाळेत काय शिकवायचं, म्हणून ती मागे पडली होती.

मग दिवाळीत चंद्राबाईंना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, डावा हात चालत राहिला, सगळं कळत होतं. पण वाचा गेली. आणि आता नातीचं, शेफालीचं लग्न ठरलं. शेफाली एकेकाळी बाईंच्याच वर्गात पहिल्या बाकावर बसायची. ती भोरला पत्रिका द्यायला आली आणि दारातच म्हणाली, "बाई, माझ्या हळदीला आज्जीच म्हणणार. दुसरं कुणी म्हटलेलं मला चालायचं न्हाई. तिचा आवाज तुमच्यापाशी हाय."

"आहे की," बाई म्हणाल्या होत्या. छातीवर हात ठेवून म्हणाल्या होत्या. आता त्याच छातीत धडधडत होतं.

बाईंची एक शिस्त होती. मुलांना प्रयोग शिकवताना त्या सांगायच्या, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर कशाने काय झालं ते देवालाही कळायचं नाही. त्यांनी तीच शिस्त इथे लावली. आधी फाइलचं नाव बदलून पाहिलं. नाही. फाइल कार्डावरून पुन्हा उतरवली. नाही. मग पुण्याला अद्वयला फोन लावला.

"आजी, फाइल करप्ट झाली असेल," अद्वय म्हणाला.

"म्हणजे काय झालं असेल?"

"म्हणजे बिघडली असेल."

"ते मलाही दिसतंय रे. का बिघडली?"

"बिघडतात, आजी."

हे उत्तर बाईंनी वर्गात कुणाचं चालवून घेतलं नसतं. त्यांनी फोन ठेवला, पिशवीत लॅपटॉप घातला आणि कापूरहोळला कुमारचं दुकान गाठलं. कुमार मोबाईल दुरुस्त करायचा आणि लग्नाकार्यात स्पीकर भाड्याने द्यायचा. शेफालीच्या हळदीचा स्पीकरही त्याचाच होता.

कुमारने फाइल आपल्या संगणकावर लावली. क्षणभर टक् असं वाजलं आणि सगळं गप्प.

"बाई, ही गंमत बघा," तो स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाला. "गाण्याची लांबी दाखवतंय शून्य. आन् फाइलचं वजन बघा. लावणीच्या गाण्याच्या धापट, ईसपट आसंल. पोतं गच्च भरलंय आन् वर चिठ्ठी लावलीया, आत काय न्हाई!"

"जड आहे म्हणून उघडत नसेल?"

"आसंल. उचलंना झालंय त्याला."

बाईंच्या लॅपटॉपवर एक आख्खं कीर्तन होतं, याहून जड. त्यांनी ते लावलं. बुवांनी लगेच गळा मोकळा केला. म्हणजे वजनाचा दोष नव्हता.

कुमारने मान खाजवली. "कार्ड द्या हिकडं. फॉरमॅट मारू का?"

"म्हणजे काय होईल?"

"समदं पुसून कार्ड कोरं करकरीत."

बाईंनी कार्ड एवढ्या झटक्यात ओढून घेतलं की कुमारचा चहा सांडला. "कुमार, आजाऱ्याला बरं करायला सांगितलं तर तू सरळ पोचवायलाच निघालास की रे!"

"बाई, मग सांगू का खरं?" कुमार टेबल पुसता पुसता म्हणाला. "लावणीची वाजत्यात, गौरीची वाजत्यात, अंगाईबी वाजती. फकस्त हळदीची वाजत न्हाईत. मशिनीला काय ठावं, कुठलं गाणं हळदीचं हाय ते? ह्यात दुसरंच कायतरी हाय."

"दुसरं काय असणार?" बाई फटकन म्हणाल्या. पण परतीच्या एसटीत त्यांना तोच प्रश्न छळत राहिला. रेकॉर्डर एक, कार्ड एक, गळा एक. गायलेल्या शब्दांवरून यंत्र फाइल कशी निवडून काढेल? उत्तर येत नव्हतं, आणि उत्तर न येणारा प्रश्न बाईंना जेवू देत नसे.

त्यात संध्याकाळी शेफालीचा फोन आला. तिचा आवाज उतरला होता.

"बाई, आज्जीला सांगितलं की तुज्या आवाजातली गाणी लावणार हाय म्हणून. तर ती डाव्या हाताचा अंगठा असा खाली दाबती आन् मान हलवती. दाबती आन् हलवती. डोळ्यात पाणी आलं तिच्या. आई म्हणती, तिला नको आसंल. मरू दे बाई, ऱ्हाऊ द्या मग. डीजे लावू."

एकीकडे फाइल उघडत नव्हती, दुसरीकडे जिचं गाणं तीच नको म्हणत होती. बाईंनी एवढंच म्हटलं, "उद्या मी वाडीला येते. डीजेवाल्याला अजून काही कळवू नकोस."

चढण त्यांनी तीन ठिकाणी बसत चढली. चंद्राबाईंच्या घराला मांडव पडला होता. ओसरीवर चंद्राबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. शेजारी त्यांचे मालक सोनबा सुपारी कातरत होते. सोनबांना कमी ऐकू यायचं, त्यामुळे त्यांचं बोलणं सगळ्या आळीला ऐकू जायचं.

"या बाई, या! बघा, हिचं तोंड बंद झालं आन् घराला घरपण न्हाई ऱ्हायलं. आदी म्हणायचो, जरा गप ऱ्हा. आता म्हणतो, शिवी तरी दी!"

चंद्राबाईंनी डोळे वटारले. पण बाईंनी पिशवीतून लॅपटॉप काढल्याबरोबर त्यांचा डावा हात वर आला. अंगठा खाली दाबला, मान हलवली. पुन्हा दाबला, पुन्हा हलवली. बाई त्या अंगठ्याकडे बघत राहिल्या. नको म्हणायचं तर माणूस पंजा हलवतं. अंगठ्याने दाबतं कशाला?

त्यांनी प्रेरणाला हाक मारली. मुलांना काही येत नसलं की बाई कधी 'कुठे चुकलं' असं विचारत नसत. मूल घाबरतं आणि भलतंच सांगतं. त्या म्हणायच्या, जसं केलंस तसं करून दाखव.

"प्रेरणा, लावणीचं गाणं तू कसं भरलंस? मला करून दाखव."

प्रेरणाने रेकॉर्डर आणून बाईंनी दिलेलं कार्ड त्यात घातलं. लाल बटण दाबलं, समोर धरला, "आत्याबाई म्हणत्यात, म्हणत्यात..." असं म्हणत थोडं थांबली आणि दुसरं बटण दाबून बंद केला. बाईंनी कार्ड लॅपटॉपला लावलं. फाइल उघडली, वाजली.

"छान. आता हळदीचं कसं भरलंस तेही करून दाखव."

प्रेरणाने लाल बटण दाबलं, रेकॉर्डर नेऊन चुलीपाशी कोनाड्यात ठेवला आणि हात पुसत उभी राहिली.

"मग?"

"मग काय न्हाई."

"बंद कधी केलास?"

प्रेरणाने सासूकडे पाहिलं. "बंद न्हाई केला, बाई."

"म्हणजे?"

"आमच्यात हळदीचं गाणं संपवत न्हाईत. बाया म्हणत म्हणत उठत्यात, कामाला लागत्यात. ऱ्हायलेलं गाणं पोरगी सासरी घिऊन जाती. फुडचं तितल्या बाया म्हणत्यात. माजं म्हायेर सारोळ्याचं, आमच्याकडं असलं काय नव्हतं, मला हितं आल्यावर कळलं. मी गाणं झाल्यावर बटण दाबाया गेले तर आत्याबाई वराडल्या, बटण दाबलंस तर याद राख, पोरीचं गाणं तोडतीस व्हय! मी म्हणलं, मग बंद कसं करू? तर म्हणल्या, निजू दे त्याचं त्याला. मग मी ऱ्हाऊ दिलं तसंच. सेल संपून आपसूक निजायचा."

चंद्राबाईंचा अंगठा खाली दाबला गेला. मान हलली. आणि आता त्या हलवण्याचा अर्थ तिथल्या सगळ्यांना एकदम कळला.

"आज्जी, तू गाणं नको म्हणत न्हाईस!" शेफाली ओरडली. "बटण दाबू नका म्हणतीस!"

चंद्राबाईंनी मान भिंतीला टेकली आणि डोळे मिटले, एवढे दिवस धरून ठेवलेलं ओझं उतरवल्यासारखे.

अर्धं कोडं सुटलं. पण बटण न दाबल्याने फाइल का उघडू नये? वाडीत मोबाईलला रेंज मिळायची ती फक्त पाण्याच्या टाकीपाशी. बाई शेफालीच्या खांद्याला धरून टाकीपर्यंत गेल्या आणि त्यांनी अद्वयला सगळं सांगितलं.

"अच्छा!" अद्वय म्हणाला. "आजी, रेकॉर्डर आवाज लिहीत जातो, पण एकूण किती लिहिला हे फाइलच्या सुरुवातीला टाकायचं काम तो शेवटी करतो, बंद करताना. सेलच संपले तर ते टाकायचं राहून जातं. तिथे शून्यच राहतं."

बाईंना लख्ख दिसलं. परीक्षेत मुलं पुरवण्या जोडतात आणि किती जोडल्या तो आकडा शेवटी पहिल्या पानावर घालतात. एखादं पोर भान हरपून लिहीत बसलं, घंटा झाली, आकडा घालायचा राहिला. गठ्ठा केवढाही जाड असो, नुसतं पहिलं पान बघणारा म्हणणार, ह्याने काहीच लिहिलेलं नाही.

"मग पहिलं पान न बघता आतलं वाच, असं सांगता येतं का त्याला?"

"येतं. मेनूत आहे ते. पण मग आवाज कुठल्या मापात लिहिलाय, ते तू सांगायचं."

"ते मला कसं कळणार?"

"वाजणारी फाइल आहे ना? तिचं माप बघ आणि हिला तेच लाव."

बाई टाकीवरून उतरल्या त्या जवळजवळ पळत. ओसरीवर बसून त्यांनी लावणीच्या गाण्याची मापं पाहिली, हळदीच्या फाइलला लावली आणि दाबलं.

लॅपटॉपमधून चिमणीसारखा चिवचिवाट सुरू झाला. शब्द कळेनात, कुणीतरी सहा वर्षांची पोर धावत धावत गात होती.

"ही कोन?" सोनबांनी विचारलं. "आमची ही न्हाई. आमची ही आसं बोलली आसती तर मी पयल्याच दिशी पळालो आसतो."

प्रेरणा तोंडाला पदर लावून हसली. बाई मात्र घामाघूम झाल्या. मापं तर तीच होती. त्यांनी एकेक पुन्हा तपासलं. एका वेळी एकच गोष्ट. दोन कान की एक कान, म्हणजे स्टिरिओ की मोनो, असा एक रकाना होता. रेकॉर्डर एकाच कानाचा, आणि बाईंनी गडबडीत दोन ठेवले होते. आवाज दोन वाटांनी वाटला जाऊन दुप्पट वेगाने पळत होता. त्यांनी एक केलं.

आणि मग चंद्राबाई गायल्या.

'हळदी गं हळदी, कुठल्या वाटंनं आलीस,
गुंजवणीचं पाणी प्याली, लेकीच्या गं अंगी ल्याली...'

जाडसर, थोडा घोगरा, चुलीच्या धुराचा आवाज. शेफाली आजीच्या पायाशी बसली होती, तिने वर पाहिलं नाही. चंद्राबाईंचे ओठ अर्धवट हलत होते. गाणं चाललं, दुसऱ्या बायकांनी धरलं, एकीने सोडलं, दुसरीने उचललं, मग भांडी वाजायला लागली आणि गाणं त्या भांड्यांच्या आवाजात कधी विरलं ते कळलंच नाही.

बाईंचा हात सवयीने पुढे झाला आणि मध्येच थांबला. फाइल अजून कितीतरी लांब होती.

भाकरी थापल्याचा आवाज. कोंबडी. कुणीतरी कुणालातरी मीठ मागितलं. मग एकदम जवळून, ठसक्यात :

"आवो! ऐकलं का? सांज झाली, शेरडं आत घ्या! का मीच उठू?"

सोनबांनी अडकित्ता खाली ठेवला, धोतर सावरलं आणि उठून ओसरीच्या पायऱ्या उतरले. मांडवाच्या खांबाला वळसा घालून गोठ्याशी गेले. तिथे थबकले. गोठ्यात लग्नाच्या खुर्च्या रचल्या होत्या. शेळ्या चंद्राबाई आजारी पडल्यावर विकून टाकल्या होत्या.

ते तसेच खुर्च्यांकडे बघत उभे राहिले. मग परत आले, चंद्राबाईंच्या शेजारी बसले आणि पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले, "घेतली बग. समदी आत घेतली."

चंद्राबाईंनी डावा हात त्यांच्या गुडघ्यावर ठेवला.

बाईंनी त्या दिवशी हळदीच्या बाकीच्या फायलीही उघडल्या. एक मात्र शेवटपर्यंत उघडली नाही. तीच मापं, तीच रीत, तरी नुसती खरखर. अद्वयलाही सांगता आलं नाही. कुमार म्हणाला, मी म्हणलो नव्हतो, दुसरंच कायतरी हाय. बाईंनी ती पुसली नाही. त्यातलं गाणं आहे तसंच आहे, आपल्याला वाचता येत नाही एवढंच, असं त्यांनी स्वतःला बजावलं.

"आजी, गाण्यानंतरचा तो भांड्याबिंड्यांचा भाग कापून टाक," अद्वय फोनवर म्हणाला. "उगीच लांबलचक आहे."

"नाही," बाई म्हणाल्या.

हळदीच्या दिवशी लॅपटॉप कुमारच्या स्पीकरला जोडला. वाडीतल्या बायका आधी बुजल्या. मेलेल्याचा आवाज लावतात, जित्याला समोर बसवून त्याचा कोण लावतं? पण पहिली ओळ आली आणि चंद्राबाईंनी डाव्या हाताने पाटावर ठेका धरला. मग एकीने ओळ उचलली, मग दुसरीने. शेफालीच्या गालावर हळद आणि पाणी एक झालं. गाणं पुढे पुढे गेलं, बायका म्हणत म्हणत उठल्या, कुणी पानं मांडायला गेली, कुणी आधणाकडे. स्पीकरवर भाकऱ्या थापल्या जाऊ लागल्या.

कुमारचा हात बटणाकडे गेला. "संपलं ना, बाई?"

"हात लावू नकोस!" प्रेरणा, शेफाली आणि बाई तिघी एकदम ओरडल्या. कुमारने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. "आरं देवा. मग ह्ये बंद कधी करायचं?"

"नाही करायचं."

"आवो! ऐकलं का? सांज झाली, शेरडं आत घ्या!" स्पीकर गरजला. सगळा मांडव दचकला.

"घेतली, घेतली!" सोनबा तिकडून ओरडले, आणि मांडव हसला. चंद्राबाईसुद्धा हसल्या. अर्ध्या तोंडाने, पण पुरत्या हसल्या.

बाईंनी ती फाइल न कापता, न संपवता एका पेनड्राइव्हवर घालून, उघडायची रीत चिठ्ठीवर लिहून शेफालीच्या हातात दिली. "सासरी गेलीस की तिथल्या बायकांना ऐकव. पुढचं त्यांना म्हणू दे."

उन्हं कलताना बाई वाडी उतरल्या. लॅपटॉपची वायर काढून, झाकण मिटून त्यांनी तो पिशवीत ठेवला होता. वेल्ह्याहून सुटणाऱ्या एसटीत खिडकीची जागा मिळाली. पिशवी मांडीवर घेऊन त्या बसल्या. दमल्या होत्या, डोळा लागत होता. कंडक्टर तिकिटं फाडत फाडत त्यांच्यापर्यंत आला आणि थांबला. त्याने सीटखाली वाकून पाहिलं, मग मागच्या बाकाकडे पाहिलं, मग बाईंच्या मांडीकडे.

"... आन् त्या दुधावर झाकण घाल गं, मांजर टपलीया!" पिशवी म्हणाली.

"बाई," कंडक्टरने विचारलं, "पिशवीत कोन हाय?"

"चंद्राबाई आहेत," सौदामिनीबाई म्हणाल्या आणि पिशवी जरा सावरून धरली. "असू द्या. त्यांचं अजून व्हायचंय."